वाढत्या अंगाच्या स्कर्टाचे लघूकरण

स्कॉटलंडातील पुरुष किल्ट नावाचे जे चुणीदार लोकरी वस्त्र कमरेस वेढतात, त्याची लांबी गुडघ्याच्या मध्याशी संपावी याविषयी त्या देशात बहुतांशी एकमत असून, ती जास्त भरल्यास काय उपाय योजावा याचे शास्त्रही तेथील शिंप्यांनी पूर्णत्वास नेलेले आहे. आपल्याकडे तसे घडले नाही. तेथील हायलंडर पलटणी १८०३ साली अडगावच्या लढाईच्या निमित्ताने वऱ्हाडात येऊन गेल्या खऱ्या, परंतु तोफा, तंबू आणि जखमी यांच्या बंदोबस्तात गुंतल्यामुळे की काय, चुणीदार वस्त्राच्या लांबीसंबंधी एखादे टिपण मागे ठेवण्याचे त्यांस सुचले नाही. आणि त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावी, जूनच्या अखेरीस शाळा उघडताच जो गडद निळा स्कर्ट एखाद्या सहावीतल्या मुलीच्या गुडघ्यांस मागे टाकून, पोटऱ्या ओलांडीत घोट्याच्या दिशेने कूच करतो, त्याच्याविषयी अधिकृत मार्गदर्शन आजतागायत उपलब्ध नाही. ती उणीव दूर करण्याचा हा प्रयत्न आहे.

उपचारापूर्वी निदान करावे, हा वैद्यकाचा दंडक शिवणकामासही लागू पडतो. स्कर्ट लांब होतो तो चुकून नव्हे. तो लांब व्हावा अशी तीन पक्षांची इच्छा असते म्हणून होतो. पहिला पक्ष आईचा. कापडाची पिशवी घेऊन ती दुकानाची पायरी चढते आणि मास्तरांच्या गळ्यातील टेप खाली उतरण्यापूर्वीच बजावते, “मास्तर, जरा मोठाच शिवजा, पोरीचं अंग वाढतं हाये.” हे वाक्य खोडून काढण्याची प्राज्ञा अद्याप कोणत्याही शिंप्यास झालेली नाही. दुसरा पक्ष खुद्द मास्तरांचा. आखूड झालेला स्कर्ट परत येतो तो भांडण घेऊन आणि लांब झालेला परत येतो तो आल्टरचे पैसे घेऊन, हे त्यांस पुरते ठाऊक असल्याने, आईने मागितलेल्या वाढाव्यात ते स्वतःचे दोन इंच बिनबोभाट मिळवितात. तिसरा पक्ष सरकारदरबारचा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणान्वये कापड राज्याने पुरवावे, शिलाई महिला बचत गटांनी करावी, आणि पहिली ते चौथीच्या मुलींस पिनो फ्रॉक, पाचवी ते सातवीच्या मुलींस शर्ट-स्कर्ट व आठवीच्या मुलींस सलवार-कमीज मिळावी, असा बेत ठरला. गणवेश अनेक ठिकाणी उशिरा पोहोचले, पोहोचले त्यांच्या मापांविषयी ठिकठिकाणांहून तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचा अधिकार पुढील वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांच्या स्वाधीन केला. इयत्तेवरून कमर ठरविता येते, हा सिद्धान्त अशा रीतीने एका वर्षात निकालात निघाला. या तिन्ही पक्षांच्या मसलतीस एक व्यक्ती मात्र बहुधा गैरहजर असते, ती म्हणजे स्कर्ट जिने घालावयाचा ती मुलगी.

आता कृतीकडे वळू. प्रथम स्कर्ट धुऊन, वाळवून घ्यावा, कारण सुती कापड पाण्यात आटते आणि आटण्यापूर्वी घेतलेले माप आटल्यानंतर उपयोगी पडत नाही. परंतु ज्या तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो त्याच तालुक्यातील मुलीच्या कमरेस बहुधा पॉलिएस्टरमिश्रित टेरिकॉट येत असल्यामुळे (हा न्याय कोणता, हे जिनिंगवाल्यांस विचारावे), स्कर्ट आपणहून आटून प्रश्न मिटवील अशी आशा कोणी बाळगू नये.

मुलीस शाळेत जाताना घालावयाच्या चपला घालून सपाट फरशीवर उभे करावे आणि समोर पाहावयास सांगावे. ती कुतूहलाने वाकून खाली पाहू लागली की पुढची कड खाली झुकते, मागची वर चढते, आणि त्या क्षणी उमटलेली खडूची खूण वर्षभर खोटी साक्ष देत राहते. कमरेपासून खाली टेप सोडण्याचा मोह आवरावा, कारण मनुष्याची कमर क्वचितच सरळ रेषेत असते. त्याऐवजी लाकडी फूटपट्टी जमिनीवर उभी धरून, मुलीस न फिरविता आपणच तिच्याभोवती गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालावी, आणि काठ गुडघ्याखाली दोन बोटे येईल अशा एकाच उंचीवर पांढऱ्या खडूचे ठिपके देत जावे. जमीन सर्वांस सारखी असते या गृहीतावर ही पद्धत उभी आहे. महसूल खात्याचा अनुभव निराळा असला, तरी शिवणकामापुरते ते गृहीत निर्धास्तपणे मान्य करावे.

ठिपके पदरी पडल्यावर तीन मार्ग संभवतात. खालून दुमडणे हा राजमार्ग होय: जुनी तुरपाई उसवावी, चुण्या मोकळ्या कराव्या, जादा कापड आत वळवावे आणि पुन्हा बारीक तुरपाई करावी. चुण्या मोकळ्या न करता त्यांच्यासकट काठ दुमडणारे उतावळे लोक असतात. त्यांच्या स्कर्टाचा काठ खाली दोरखंडासारखा जाड होतो. या मार्गाचा दोष एवढाच की दोन वर्षांनी काठ पुन्हा सोडावयाची वेळ आली म्हणजे जुन्या दुमडीच्या जागी झिजलेली रेघ उघडी पडते, आणि ती पाहून सबंध वर्गास स्कर्टाचा पूर्वेतिहास कळतो.

दुसरा मार्ग वरून, म्हणजे कमरपट्ट्याकडून. किल्टमध्ये कापडाची मूळ किनारच खालचा काठ म्हणून मिरवीत असल्याने, आणि प्रौढ पुरुषाच्या किल्टात सुमारे ८ वार कापड चुण्यांत जिरविलेले असल्याने, तेथील निष्णात शिंपी खालच्या काठास हात लावणे अप्रशस्त समजतो व वरूनच काम करतो. त्याचे अनुकरण करावयाचे तर आधी पुढील हिशेब ध्यानी घ्यावा. पट्टा उसवून वरचे ३ इंच काढले की पट्टा जेथे बसावयाचा तेथे आता कमरेचा घेर उरत नाही, नितंबांकडे रुंदावत गेलेला घेर असतो. समजा, कमर २२ इंच आहे आणि ३ इंच खाली घेर २५ भरतो. तर जादा ३ इंच १२ चुण्यांत वाटून प्रत्येक चुणीत पाव इंच कापड अधिक घ्यावे लागते. पाव इंच ऐकण्यास क्षुल्लक वाटतो, परंतु तो बारा ठिकाणी, एकाच दिशेने आणि खाली जाता जाता विरून जाईल अशा बेताने घेता आला पाहिजे. एरवी अकरा चुण्या शिस्तीत राहतात आणि बारावी चेनपाशी बंड पुकारते. चेनही उसवून पुन्हा बसवावी लागते, ते वेगळेच. आणि एकदा कात्री चालली की मुलगी वाढल्यावर कापड परत कोठून आणणार? बाभुळगावात, जेथे एका स्कर्टास धाकटी बहीण आणि मामेबहीण असे आणखी दोन वारस असू शकतात, तेथे हा मार्ग मी सर्वथा निषिद्ध ठरवितो.

तिसरा मार्ग आपल्या आज्यांचा, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा. परकराच्या घेरात आडवे टक घालून ठेवावयाचे आणि मुलगी वाढेल तसतसा एकेक उसवीत जावयाचे, ही रीत ज्यांनी काढली त्यांनी वाढीचा प्रश्न धोरणाने नव्हे, दोऱ्याने सोडविला होता. स्कर्टाच्या चुण्या मोकळ्या करून, काठाच्या थोडे वर, आतल्या अंगाने टक घ्यावा. टीप मोठ्या टाक्याची असावी, म्हणजे उसवताना कापड ओरबाडत नाही, आणि रीळ त्याच निळ्या रंगाचे असावे. टकात कापड दुहेरी होत असल्याने ३ इंच लांबी कमी करण्यास दीड इंचाचा टक पुरतो. हे ज्यांच्या ध्यानी येत नाही ते ३ इंचांचा टक घेतात, स्कर्ट ६ इंच वर चढतो, आणि प्रकरण मुख्याध्यापकांच्या कचेरीत दाखल होते.

काम झाल्यावर चुण्या पूर्ववत घालून कच्च्या धावदोऱ्याने बांधाव्या, वर ओले फडके पसरावे आणि इस्त्री फिरविण्याऐवजी जागोजागी दाबून उचलावी. टेरिकॉटवर तापलेली उघडी इस्त्री फिरली की जी चकाकी येते ती कोणत्याही साबणास दाद देत नाही. धावदोरा कापड पुरते थंड झाल्यावरच काढावा. कमरेशी स्कर्ट दोनदा गुंडाळून घेणे किंवा आतून सेफ्टी पिना लावणे, हे तात्पुरते तोडगे मुली स्वतःच शोधून काढतात. त्यांस दोष देऊ नये, कारण आषाढात काळ्या मातीचा चिखल तुडवीत शाळेत त्यांनाच जावे लागते.

राहता राहिला मुहूर्त. शाळा उघडण्याच्या आठवड्यात मास्तरांकडे नव्या शिलाईचा ढीग असतो आणि आल्टरचे कपडे खुंटीवरच राहतात, सबब ती गर्दी ओसरू द्यावी. मात्र जाताना स्कर्ट पिशवीत घालून एकटा धाडू नये. मुलीस सोबत न्यावे, आणि केवढा हवा हे आईने सांगण्यापूर्वी मास्तरांनी तिलाच विचारावे. शाळा सुटल्यानंतरही दुकान बराच वेळ उघडे असते.