पाट्यावरील चटणीच्या पश्चिमगमनाची मीमांसा

विषय. पनवेलच्या आमच्या स्वयंपाकघरात वरवंटा थांबला की ओल्या खोबऱ्याच्या चटणीचं पाणी पाट्यावरून पश्चिमेला ओघळतं. विद्वानांनी या प्रश्नाकडे आजवर केलेला काणाडोळा अक्षम्य आहे.

पाटालक्षण. पाटा काळ्या बेसॉल्टचा असावा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरला. उघड्यावर तो लवकर निवाला. फेल्डस्पार आणि पायरॉक्सीनच्या स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही, म्हणून दगड बारीक कणांचा झाला. हाच रस जमिनीच्या पोटात सावकाश निवता, तर ठसठशीत स्फटिकांचा गॅब्रो होता. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहतात, त्यांत पुढे झिओलाइट भरतं. असा दगड संग्रहालयात शोभतो. पाट्याला घेतला तर निम्मी मिरची भोकांतच मुक्कामाला राहते. म्हणून पाथरवट घट्ट दगड निवडतो आणि त्याला टाकी लावतो. त्या बारीक खाचांत खोबरं धरलं जातं आणि वाटलं जातं.

पूर्वपक्ष. माथेरानच्या कड्यांत हे थर जवळपास आडवे दिसतात. पनवेलच्या बाजूला मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात. भूशास्त्रज्ञ ऑडेन यांनी १९४९ साली या बाकाची चर्चा केली. शास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. ज्या गावाचा खडकच कलंडला, तिथल्या चटणीने सरळ का वागावं?

उत्तरपक्ष. खाणीतून सुटलेला दगड आपला कल सोबत आणत नाही. पाटा उलटसुलट फिरवला, तरी ओघळ पश्चिमेलाच. मग फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. तेही पश्चिमेला निघालं आणि थेट मोरीत गेलं. गवंड्याने उतार चोख काढला होता.

निर्णय. सत्य गवंड्याच्या बाजूचं आहे. तथापि ते घरात मांडण्यात हशील नाही. गवंडी उलट उत्तर देतो, वर फरशी पुन्हा बसवण्याचा खर्च सांगतो. सबब, चटणी सांडल्यास दोष पनवेल फ्लेक्शरला द्यावा, वाटणाऱ्याला देऊ नये. एवढा जुना आरोपी तक्रार करत नाही.