रेंजमधले नाना

आमच्या आळीत कोंबड्याच्या आधी नाना आरवतात. पाचला पाच कमी असताना गुलाबाचं फूल येतं. फुलावर दव, दवाखाली सुविचार आणि सुविचाराखाली विवेकानंदांचं नाव. तोच सुविचार गेल्या महिन्यात अब्दुल कलामांच्या नावावर होता. विचारलं तर म्हणाले, "माणूस थोर असल्याशी कारण. विचार काय, कुणाचाही असतो."

हे नाना तुमच्याही ओळखीचे आहेत. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत एकही आळी त्यांच्यावाचून नाही. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे गुरुजी. चार गुंठ्यांची वाडी, वाडीत नारळ-पोफळी, पडवीत झोपाळा आणि झोपाळ्याच्या कडीला लोंबणारी चार्जरची वायर, एवढा संसार. ग्रुप मात्र सात. गावकीचा, भावकीचा, दहावीच्या बॅचचा, भजनी मंडळाचा, बागायतदारांचा, 'फक्त महत्त्वाचे' नावाचा आणि 'फक्त महत्त्वाचे'मधून काढून टाकल्यावर नानांनी स्वतःच काढलेला सातवा. सातव्यात आम्ही सगळे आहोत. बाहेर पडलेल्याला नाना संध्याकाळी घरी येऊन चहा पिऊन परत आत घेतात.

बातमी पारखण्याची नानांची एक कसोटी आहे : बातमी जितकी लांबची तितकी खरी. नासानं केलेलं संशोधन शंभर टक्के खरं, मुंबईचं पन्नास टक्के आणि अलिबागचं साफ खोटं. 'अलिबागवरून आलायस का?' हा प्रश्न आम्हाला उभ्या महाराष्ट्रात ऐकावा लागतो. त्यावर बंदी आणा म्हणून २०१९ साली एका अलिबागकरानं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं बोलून न्यायालयानं ती फेटाळली. सगळ्या पेपरांत छापून आलेली ही बातमी नानांनी तेवढी पुढे पाठवली नाही. "असलं कुठं असतं का? खोटी आहे. मला काय अलिबागवरून आलेला समजलास?" असं ते अलिबागच्या एसटी स्टँडवर उभं राहून म्हणाले.

उलट २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असून ती जमिनीखाली एकशेवीस मीटरवरूनही उपग्रहाला दिसते, हे नानांनी छातीठोकपणे सांगितलं. ती उपग्रहाला दिसणारी नोट नानींनी तांदळाच्या डब्यात ठेवली. नानांना ती दोन महिने दिसली नाही.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली सापडल्या. इथपर्यंत सगळं खरं. पण नानांच्या हाती लागल्यावर त्या बोटीला इंजिन फुटलं. तासाभरात ती दिवेआगरला आली, मग मुरूडला, मग रेवदंड्याच्या खाडीत, आणि जेवणं उरकेपर्यंत तिच्यातून उतरलेले दोन इसम आमच्याच मागच्या वाडीत शिरले. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री फडणवीसांनी विधानसभेत खुलासा केला. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली, वाटेत इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि बोट तेवढी वाहत आली. मागच्या वाडीतले दोन इसम नारळ उतरवायला आलेले निघाले, आणि त्यांना बोलावणं नानींनीच धाडलं होतं. नाना एवढंच म्हणाले, "मी कुठं म्हटलं ते बोटीतूनच आले? मी फक्त पुढं पाठवलं."

'मी फक्त पुढं पाठवलं' हे नानांचं गंगाजल आहे. तोंडात घातलं की सगळी पापं धुतली जातात.

तंत्रज्ञानाशी नानांचं नातं जावयासारखं आहे. मान सगळा द्यायचा, विश्वास काडीचा ठेवायचा नाही. बँकेचा ओटीपी घ्यायला ते विहिरीच्या कठड्यावर चढतात, कारण रेंज तिथेच मिळते. उतरून पडवीत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. एकदा एका अर्जानं त्यांना, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, असं फर्मावलं आणि ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडायला सांगितले. नानांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा नापास झाले. "आमच्या गावात सिग्नलच नाही, म्हणजे आम्ही माणसंच नाही का?" असं त्यांनी मोबाइललाच विचारलं. शेवटी सहा वर्षांच्या नातीनं बोट फिरवलं आणि नाना माणसात आले.

रेंज का नाही, याचं उत्तर नानांजवळ तयार आहे. "अलिबागला चुंबकाची वेधशाळा आहे ना, ती सगळी रेंज ओढून घेते."

वेधशाळा खरी आहे, आणि तिची गोष्ट नानांनी ऐकायला हवी अशी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला आणलं गेलं. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. नोंदींत खोट येऊ नये म्हणून उपकरणांची इमारत लोखंड न वापरता बांधली. रेंज ओढणं सोडाच, ती बिचारी वेधशाळा स्वतःच विजेच्या गोंगाटापासून पळून इथे आलेली. हे सगळं घडवणारे वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. तेही नानाच! या नानाभाईंनी नव्या जागेच्या आकड्यांवर एकदम विश्वास टाकला नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या, मगच जुनी जागा सोडली.

एका नानांनी पडताळायला दोन वर्षं घेतली. आमच्या नानांना दोन सेकंद जड जातात.

हसण्यावारी न्यावं असं हे सगळं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. टोळीचा मेसेज नानांनीही आमच्या सातही ग्रुपवर टाकला होता. बातमी आली त्या दिवशी झोपाळा हलला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात आणली. नाना आठवडाभर गप्प होते. मग त्यांना शोध लागला की पाच झाल्यावर उरलेल्या दोघांना पुन्हा पाठवता येतं.

तरीही नानांना ग्रुपमधून काढायला माझं बोट धजत नाही. त्याला कारण ३ जून २०२०. निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले आणि मोबाइल मेले. श्रीवर्धन-मुरूडकडे तर कित्येक दिवस अंधार होता. त्या दिवसांत नाना रोज सकाळी काठी घेऊन निघायचे आणि दुपारी दारोदार बातम्या द्यायचे. कुणाची पडवी बसली, कुणाची म्हातारी शाळेत हलवली, पिण्याचं पाणी कुठल्या विहिरीचं चांगलं आहे, ताडपत्री कुठे मिळतेय. त्यातली एकही बातमी खोटी निघाली नाही. मी विचारलं, "वरच्या आळीत कुणाला लागलंय म्हणतात, खरं का हो?" तर नाना म्हणाले, "मी पाहिलं नाही अजून. बघून येतो, मग सांगतो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलेलं नाही. पायांनी बातमी न्यायची तर ती वाटेत दहा जणांना तोंड दाखवत जाते. खोटी निघाली तर परत त्याच वाटेनं घरी यायचं असतं. बोटानं पाठवलेल्या बातमीला परतीची वाट नसते.

रेंज परत आली त्या संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज नानांचाच होता. 'आपल्या किनाऱ्यावरील निसर्गचे भयानक दृश्य, सर्वांपर्यंत पोहोचवा.' व्हिडिओत बारा मजली इमारती होत्या आणि दुकानांवरच्या पाट्या चिनी लिपीत होत्या. नानांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरावर एक अख्खा माड आडवा पडला होता. त्याचा फोटो त्यांनी काढलाच नव्हता.