मागे लागलेलं घर

वसई-विरारमध्ये गाडी चालवणाऱ्याने फक्त पुढे बघायचं असतं. पुढे खड्डा असतो, खड्डा चुकवणारी रिक्षा असते आणि त्या रिक्षेला चुकवणारा स्कूटरवाला असतो. मागे कोण आहे ही मागच्याची काळजी. त्याला वाटलं तर तो हॉर्न देईल, आणि त्याला वाटतंच. अशा मुलखात आमच्या साडूंनी गाडीच्या मागे घर जोडायचं ठरवलं.

घर म्हणजे दोन चाकांवरचा फायबरचा डबा. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर उचललं की शेगडी आणि हातभर ओटा. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ साडूंच्या डोक्यात होतं. मी शंका काढली, तर म्हणाले, "अहो, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तोफा ओढतच आणल्या होत्या ना?"

"त्यांना रिव्हर्स घ्यायचं नव्हतं," मी म्हणालो. ते त्यांनी ऐकलं नाही.

कागदपत्रांत मात्र साडू पक्के. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःची नंबरपाटी लागते. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर आपल्याकडे टी-१ या सर्वांत हलक्या वर्गात मोडतो, आणि आपली मधल्या आकाराची एसयूव्ही किती ओढू शकते हे कंपनीने सांगायचं असतं, शेजाऱ्यांनी नव्हे. हे सगळं त्यांना पाठ होतं. भरलेला ट्रेलर ६०० किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही असं त्यांनी जाहीर केलं. पाटी एमएच-४८ ची, हायवेही ४८ क्रमांकाचा. याला ते शुभशकुन म्हणाले.

खरी लढाई सामान भरताना झाली. ट्रेलरचं शास्त्र म्हणतं, जड वस्तू चाकांच्या आसाजवळ, जराशा पुढे. एकूण वजनाचा ठरावीक भाग गाडीच्या हुकावर टेकला पाहिजे. अमेरिकेत हा भाग दहा ते पंधरा टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी. भार मागे गेला तर हुक वर उचलला जातो आणि वेगात शेपूट हलू लागते. मेव्हणीचं शास्त्र म्हणतं, जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, म्हणजे दाराशी. दार मागे. प्रवासात आधी लागतो तो चहा. त्यामुळे शेगडी, सिलिंडर, कुकर, पाण्याचे दोन वीस लिटरचे कॅन आणि 'असू दे' म्हणून घेतलेला पाटा-वरवंटा, असं सगळं अगदी मागे जाऊन बसलं.

साडूंनी बाथरूममधला वजनकाटा आणला. काट्यावर पाट, पाटावर ओंडका आणि ओंडक्यावर ट्रेलरचं तोंड टेकवलं. काटा म्हणाला ३१.

"साठ हवेत," साडू गंभीरपणे म्हणाले.

"मग तुम्हीच बसा हुकावर," मेव्हणी आतून म्हणाली.

साडूंचं वजन ब्याण्णव. त्यानेही प्रमाण बिघडलंच असतं. शेवटी पाण्याचे कॅन पुढे गेले आणि पाटा-वरवंटा घरी राहिला. काटा ६२ वर आला. ही बाजी साडूंनी जिंकली खरी, पण चहा करायचा तर गादीवरून रांगत जाऊन पाणी आणायचं, हे सगळ्यांच्या लक्षात मेव्हणीनेच आणून दिलं, तेही दर चहाला.

मग साखळ्या. हुक निसटलाच तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन साखळ्या लावतात, त्याही तोंडाच्या खालून एकमेकींना फुली मारून. म्हणजे तोंड खाली पडलं तर रस्त्यात रुतण्याऐवजी फुलीवर अडतं. गल्लीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन, "साखळीला पीळ पडलाय, सरळ करा," असं सांगितलं. एकाने तर सांगता सांगता सरळ केलीसुद्धा. त्यानंतर मला पहाऱ्याला बसवलं.

आमच्या निर्मळहून निघालो ते केळव्याला जायला. सोपाऱ्याच्या पहिल्याच गतिरोधकावर कळलं की आता प्रत्येक गतिरोधक तिप्पट झालाय. पुढची चाकं, मागची चाकं आणि आपण निर्धास्त झालो की ट्रेलर. वळणाचंही तसंच. ट्रेलर गाडीच्या चाकोरीतून येत नाही, कोपरा कापून आतून येतो. म्हणून डावीकडे वळायचं तर आधी जरा उजवीकडे सरकून मोठं वळण घ्यायचं, असं पुस्तक सांगतं. पुस्तक लिहिणारा आमच्याकडे आलेला नसावा. डावीकडे हातभर जागा सोडली की तिथे दोन स्कूटर आणि एक भाजीची पाटी उगवते. साडूंनी त्यावर उपाय काढला. वळणाआधी मी खाली उतरायचं आणि डावीकडच्या जागेत स्वतः उभं राहायचं. त्या सकाळी मी बराचसा प्रवास पायी केला.

विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे जलसारला रो-रो बोट जाते. एप्रिल २०२५ मध्ये ती सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून जेमतेम दीड. तिकीट काढताना साडूंनी मुद्दा मांडला की गाडीचं चारचाकीचं तिकीट बरोबर, पण मागच्याला चाकं दोनच, तेव्हा त्याचं दुचाकीचं घ्या. खिडकीतल्या माणसाने मान लांब करून ट्रेलर पाहिला.

"दुचाकी ना? मग हेल्मेट कुठंय?"

साडू निरुत्तर झालेले मी प्रथमच पाहिले. मागे एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि वाद मिटला.

ओहोटी असल्यामुळे उतार अधिकच उतरता वाटत होता. गाडी बोटीवर, ट्रेलर धक्क्यावर आणि हुक मधल्या खोलगटात, अशा क्षणी खालून 'खर्रर्र' आवाज आला. साडूंनी डोळे मिटले, पण गाडी हळूहळू चालूच ठेवली, आणि हे दोन्ही योग्यच होतं. बोटीवर त्यांनी चाकांखाली लाकडी पाचरी लावल्या. आपल्याकडे यासाठी दगड वापरतात आणि निघताना तो रस्त्यातच पुढच्या पिढीसाठी ठेवून जातात. साडूंनी पाचरी मोजून परत घेतल्या. माणूस हौशी आहे, पण बेजबाबदार नाही.

केळव्याच्या सुरूच्या बनाजवळ आम्हाला जी जागा मिळाली, तिथे ट्रेलर उलटा न्यायचा होता. आता, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणं हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध अधिकार. आमच्या मागे क्षणात सातआठ जण उभे राहिले. पण ट्रेलरच्या बाबतीत स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं ढुंगण डावीकडे जातं. "डावीकडे घ्या!" असं एक जण ओरडला म्हणजे ट्रेलर डावीकडे की स्टिअरिंग, हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. साडूंना यावरची युक्ती माहीत होती. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडेच हात न्यायचा. युक्ती चोख आहे. फक्त ती चालू असताना सातआठ जणांना गप्प बसावं लागतं. ट्रेलर आणि गाडी काटकोनात आल्यावर, "आता पुढे घ्या," यावर मात्र सर्वांचं एकमत झालं.

बऱ्याच वेळाने मेव्हणी खाली उतरली. "सोडा ते हुकावरून," ती म्हणाली. पुढच्या छोट्या चाकावर ट्रेलर टेकवला आणि ज्यांना इतका वेळ हात हलवायचेच होते त्यांना तिने हात लावायला सांगितलं. सहाशे किलोचं घर सपाट जमिनीवर दोन मिनिटांत जागेवर गेलं. साडू स्टिअरिंगवरच बसून होते. हात खालच्या टोकाशी, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.

परतताना हायवेने यायचं ठरलं, 'कशी पळते ते बघू' म्हणून. मधल्या काळात मेव्हणीने आणि आमच्या सौ.ने पोतंभर असोले नारळ घेतले होते आणि केळ्यांचे दोन लोंगरही. वसईच्या बायकांनी केळव्याहून केळी आणावीत, यावर मी काही बोललो नाही. सगळं दाराशी, म्हणजे मागे. वरई फाट्यावरून हायवेला लागलो, वेग साठ-पासष्ट झाला, आणि एक कंटेनर शेजारून सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरला आधी पलीकडे ढकललं, मग आपल्याकडे ओढलं. शेपूट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दर वेळी थोडी जास्त. सौ.ने मारुतिस्तोत्र सुरू केलं. मी ओरडलो, "ब्रेक!"

साडूंनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडीला आपोआप मंद होऊ दिलं. जोरात ब्रेक लावला असता तर मागचं घर पुढे यायला निघालं असतं. उलटं स्टिअरिंग फिरवत बसले असते तर झोका वाढला असता. स्तोत्राचा पहिला श्लोक संपेतो शेपूट शांत झाली. त्या पाचसहा सेकंदांसाठी मी साडूंना बाकी सगळं माफ केलं आहे, हेल्मेटसकट.

पुढच्या पेट्रोल पंपावर वजनकाटा निघाला. हुकावर २४. नारळ आणि लोंगर एसयूव्हीच्या मागच्या सीटवर आले, सौ. आणि मी त्यांच्या मध्ये. एका ट्रकच्या क्लीनरने तेवढ्यात स्वतःचं वजन करून घेतलं आणि काटा दोन किलो जास्त दाखवतो असं सांगितलं. साडूंनी मग सगळा हिशोब पुन्हा केला.

निर्मळला पोचलो तेव्हा गणेशोत्सव मंडळाचे सेक्रेटरी गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घालून ते म्हणाले, "यंदा विसर्जनाला द्याल का? वरचा डबा तेवढा काढायचा."

साडूंनी विचार केला. "देतो. पण मूर्ती चाकांच्या जराशी पुढे बसवावी लागेल. आणि निघण्याआधी वजन करावं लागेल."

"कोणाचं, देवाचं?"

"आणि आरासीचंही," साडू म्हणाले आणि काटा काढायला मागे गेले.