भट्टी छोटी, हमी मोठी

छोटी अणुभट्टी ही सध्या सरकारदरबारी फार लाडकी झाली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने तिच्यासाठी २०,००० कोटी ठेवले आणि २०३३ पर्यंत निदान ५ स्वदेशी भट्ट्या चालू करू, असे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करारही केला. सामंजस्य झाले, आता पैशाचे बघायचे.

साधारण ३०० मेगावॉटपर्यंतची भट्टी छोटी. या मापाने १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे पहिले दोन संचही छोटेच, आज प्रत्येकी १६० मेगावॉटचे. तेही अमेरिकेच्या कर्जावर उभे राहिलेले. तेव्हा भट्टी छोटी आणि कर्ज मोठे, ही आपली जुनी परंपरा आहे.

आता पैसा उभा करण्याच्या तऱ्हा पाहा. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने उद्योगपतींपुढे २२० मेगावॉटच्या 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर'चा प्रस्ताव ठेवला: जागा तुमची, पैसा तुमचा, भट्टी चालवणार आम्ही, वीज तुमच्या कारखान्याला. तिकडे अमेरिकेत युटा आणि आसपासच्या नगरपालिकांच्या वीज संस्थांनी छोट्या भट्ट्यांसाठी मोट बांधली. खर्चाचा अंदाज ९३० कोटी डॉलरवर गेला, विजेचा दर चढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तिथल्या केंद्र सरकारची मदत पाठीशी असूनही!

यावर मुंबई-दिल्लीत परिसंवाद झडतील. उगाच खर्च. पैसा उभा करण्याचे नमुने पाहायला तज्ज्ञांनी सरळ आमच्या वऱ्हाडातल्या कारंजा लाडला यावे. समृद्धी महामार्गावरून उतरायला इंटरचेंजसुद्धा आहे.

इथे त्यांना शकुंतला रेल्वे दाखवू. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही नॅरोगेज लाईन टाकली. देश स्वतंत्र झाला, रूळ मात्र कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, तोटा सोसायचा रेल्वेने, वाटा द्यायचा कंपनीला. आता गाडीही बंद आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीचा इतका टिकाऊ नमुना जगात दुसरीकडे सापडणार नाही.

पैसा उभा करण्याचा दुसरा नमुना ब्रिटनचा. साइझवेल सी हा मोठ्या भट्ट्यांचा प्रकल्प अजून बांधून व्हायचा आहे, पण त्याच्यासाठी ग्राहकाच्या बिलात महिन्याला सरासरी पौंडभर भर आतापासूनच. छोट्या भट्ट्यांनाही हीच तऱ्हा लावावी, अशी तिकडे चर्चा आहे. इथल्या बाजार समितीच्या आवारात एका शेतकऱ्याला हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "पैसे आधी अन् लाईन मंग? मंग हे तं आमचं पेड पेंडिंगच झालं ना भाऊ!"

खरेच की. कृषिपंपाच्या वीजजोडणीची डिमांड नोट भरायची, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायची आणि खांबाची वाट पाहायची, हे प्रारूप वऱ्हाडाने कोणत्याही सल्लागाराविना पुरे केले. बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आहेतच. 'अणू आकार' आला तर कोणी दचकणारही नाही.

म्हणून अर्थ मंत्रालयाला विनंती, समिती जरूर पाठवावी. शकुंतलेचा करार आणि पेड पेंडिंगची पावती एकाच फायलीत लावून देऊ. फक्त समितीने रात्री येऊ नये. थ्री फेजची रात्रपाळी असली, की गाव मोटार चालू करायला वावरात गेलेले असते.