राजधानी एका दिवसात

मे महिना उजाडला की पेण तालुक्यातल्या जिते गावात घरोघरी एक ठराव येतो : पोरांना मुंबई दाखवायची. मांडणारी पोरं, अनुमोदन देणाऱ्या मावश्या-आत्या, आणि खर्चाची तरतूद बापाच्या खात्यावर. विरोधी बाकावर एकटी आजी. "तिकरं काय बगाचाय?" हा तिचा प्रश्न कामकाजातून वगळण्यात येतो.

पहिला अडथळा जाण्याचा. पनवेल-रोहा मार्गावर जिते स्टेशन आहे. फलाट आहे, पाटी आहे, आणि मडगावकडे धडधडत जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या डोळे भरून पाहण्याची सोय आहे. थांबतात त्या मोजक्या पॅसेंजर. कुणी तक्रार करू नये, पलीकडच्या आपटा स्टेशनाचं स्मरण करावं. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट तिथेच चित्रित झाला. तिथेही गाडी थांबली नव्हतीच. पुढे केलेला हात धरून पळत चढावं लागलं. या पट्ट्यातल्या प्रवासाचा इतका प्रामाणिक माहितीपट दुसरा नाही.

रस्त्याने जावं तर दारात मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला. हे साल लक्षात ठेवा, गेटवेला उपयोगी पडेल.

गेटवे ऑफ इंडिया. पाचवा जॉर्ज १९११ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली गेली. साहेबासमोर पुठ्ठा उभा करून बांधकाम मागाहून करायचं, ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासूनची. पण हिशेब करा. १९१३ मध्ये पायाचा दगड, डिसेंबर १९२४ मध्ये उद्घाटन. मध्ये एक महायुद्ध होऊनसुद्धा अकरा वर्षं. पळस्पे-इंदापूरची अकरा वर्षं २०२२ मध्येच भरली, रस्ता मात्र पुरा झाला नव्हता, खड्डेही भरले नव्हते. आणि युद्धही कुठे चालू नव्हतं, निदान पेण तालुक्यात तरी नाही.

नंतर तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ पासून पिढ्यान् पिढ्या कोकणातली माणसं मुंबईला जाऊन काचेआडचे मासे बघून आली. करोनात ते बंद झालं ते बंदच. यावर आजीची प्रतिक्रिया : "मासा नुसता बगून काय कराचा?" खाडीकाठच्या बाईकडून इतकी आर्थिकदृष्ट्या शहाणी सूचना राजधानीला याआधी मिळाली नसावी.

म्हणून मग राणीची बाग. बुधवारी ती बंद असते, आणि बापाला हमखास बुधवारचीच रजा मिळते, हा योग सांभाळून पोचावं. तिथे पेंग्विन. २०१६ मध्ये सोलहून आठ आणले. त्यांच्यासाठी गारेगार दालन, गाळून थंड केलेलं पाणी, देखरेखीला माणसं. पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. राहू द्या. परक्या मुलखातून आलेल्या पाहुण्याला पाणी विचारावं ही आपली रीतच आहे.

फक्त घरच्यांनाही विचारावं. हेटवणे धरण पेण तालुक्यातलं. त्याचं पाणी सिडकोच्या नळाने नवी मुंबईत पोचतं. त्याच तालुक्यातल्या वाशी-शिर्की खारेपाटातल्या बायकांनी मात्र टँकरच्या वाटा पाहण्यात आणि हंडामोर्चे काढण्यात उन्हाळ्यामागून उन्हाळे घालवले. दोष त्यांचाच. पेंग्विन होण्यासाठी रीतसर अर्ज केला नाही.

म्हणजे सहलीचा जमाखर्च असा : राजधानीत जाऊन पाहायचं त्यात बरंचसं आपल्याच घरून गेलेलं. नळाला पेणचं पाणी, भाद्रपदात मखरात हमरापूर-जोह्याचा गणपती. या कारखान्यांतून बाप्पा राजरोस ट्रकने दादर-परळला जातो. मूर्ती पीओपीची की शाडूची, यावर वाद राजधानीत होतो. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत साच्यासमोर हात थांबतात ते इथल्या कारागिरांचे.

तेव्हा यंदा उलटी सहल काढावी असं आमचं राजधानीला निमंत्रण आहे. सहकुटुंब या. शनिवारी तुमच्या गाड्या अलिबागला जाताना आमच्या दारावरूनच जातात, वडखळला अडकतातही. जरा आधी उतरा. सकाळी जिते स्टेशनावर न थांबणाऱ्या गाड्यांचं दर्शन. मग हमरापुरात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहा. दुपारी खारेपाटात रिकामा हंडा. तो उचलून फोटो काढायला मनाई नाही. तिकीट नाही, बुधवारी बंद नाही.

तसे तुम्ही येणार आहातच म्हणा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण म्हणून बसवलं. कागदावर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, चहाच्या टपरीवर तिसरी मुंबई. शेताचा बांध ओलांडायच्या आधी लोक आता नकाशा बघतात. आजीचा तर प्रवासखर्चच वाचला; मुंबई बघायला जायची गरज नाही, अंगणात खाट टाकून बसलं की झालं.

या, जेवून जा. तांदळाची भाकरी आहे, सुकट आहे. राहण्याचा आग्रह तेवढा कुणी करणार नाही. राजधानी एकदा मुक्कामाला आली की यजमानालाच जागा शोधावी लागते, हे पनवेलकरांनी आम्हाला सांगून ठेवलंय.