भाऊंचा पाइप

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या भाऊंची टोमॅटोची झाडं पिवळी पडलीत."

"पडतील नाहीतर काय! रिटायर झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभे. खाली नुसता चिखल. मुळांना हवा नको का?"

"आणि पलीकडच्या नव्या सूनबाई? त्यांचं पाणी म्हणे फक्त रविवारी. नोकरी आहे ना! आता फळं बुडाशी काळी पडलीत, तर फवारायचं औषध विचारत होत्या."

"अगं, ती कीड नाही, बुरशीही नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाही. मातीत असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. आठवडाभर कोरडं आणि रविवारी बादली, मग कसं पोचणार? वर तहानलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं की फळ फुगतं आणि साल तडकते ती वेगळीच."

"मग रोज द्यायचं की दिवसाआड?"

"दिवस मोजायचेच नाहीत. बोट खुपस मातीत, दोन पेरं. ओल लागली तर झारी ठेवून दे. कोरडं लागलं तर दे, पण भरपूर, खालपर्यंत जिरेल असं. माझ्या वाफ्यात काळी माती, ओल धरून ठेवते. थंडीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी देऊनही भागतं. तुझ्या गच्चीवरच्या कुंड्यांचं तसं नाही. उन्हाळ्यात त्यांना रोज लागेल, आणि मे महिन्यात लहान कुंडीला दोनदासुद्धा. रोप नुकतं लावलेलं असेल तर पहिले काही दिवस ओल मोडू द्यायची नाही."

"काल दुपारी पानांनी माना टाकलेल्या पाहून माझा तर जीवच गेला. धावत जाऊन पाणी घातलं."

"दुपारी टाकतातच. उन्हं उतरली की उठतात की नाही? सकाळीही तशीच दिसली तर बोट घालून बघ. माती कोरडी असेल तर लगेच पाणी. ओली असेल तर भाऊंचा आजार!"

"आणि पानांवर शिंपडलं तर? छान टवटवीत दिसतात."

"नको गं बाई. पानं ओली राहिली की करपा आलाच. माझं माहेर नारायणगावकडचं. टोमॅटोचा केवढा बाजार तिथं! वावरात ठिबक असतं, मुळाशी थेंब थेंब, आणि वर मल्चिंग पेपर. आपल्याला तेवढं नको, बुंध्याशी वाळका पाला पसरला तरी ओल टिकते. तोही खोडाला चिकटवायचा नाही. आणि पाणी शक्यतो सकाळी."

"हे भाऊंना कोण सांगणार?"

"तू सांग. मागे मी त्यांच्या कढीपत्त्याबद्दल बोलले, तर महिनाभर अबोला धरला होता."