कुणाला कळू न देता पहिले तीन महिने

गरोदरपणाचा पहिला नियम असा, की तीन महिने होईतो कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते. साखऱ्यातही, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखा, हा नियम मनोभावे पाळावा. पाळी चुकल्यापासून चोरओटी भरेपर्यंत सून गप्प, सासू गप्प, नवरा तर मुळातच गप्प. या काळात बातमी फक्त मोजक्या मंडळींना असते: नळावरच्या बायका, पिठाच्या गिरणीवाला, एका हप्त्यात दोनदा चिंच नेल्याचं ध्यानात ठेवणारा किराणा दुकानदार, आणि सेनगावच्या मेडिकलवर नवऱ्यानं "मित्रासाठी पाहिजे" म्हणत तपासणीची पट्टी मागितली तेव्हा तिथं उभं असलेलं सगळं गिऱ्हाईक. गुपित खरोखर लपून राहतं ते एकट्या आशाताईपासून. त्या पट्टीचं किट तिच्या पिशवीत फुकट असतं, ही गोष्ट अलाहिदा.

सुरुवात मळमळीपासून करू. ती साधारण सहाव्या आठवड्यात येते आणि बहुतेकींच्या बाबतीत सोळाव्यापर्यंत ओसरते. सकाळी येते असं म्हणतात, पण घड्याळ तिला वाचता येत नाही. गुप्ततेसाठी गोठ्यामागची जागा बरी. म्हशी चहाडी करत नाहीत. हंगाम मात्र बघून घ्यावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी हिंगोली जिल्ह्यात हळद शिजते आणि त्या वाफेचा दर्प शिवार ओलांडून थेट माजघरात शिरतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण आठव्या आठवड्यातल्या बाईला त्या वासाबद्दल मत विचारू नये. मग दिवाळीआधी दिवस राहावेत म्हणाल, तर सोयाबीनच्या मळणीयंत्राचा भुसा. सोयीचा महिना पंचांगात सापडला तर कळवावं.

उपाय सोपा आहे. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून उठण्याआधी अंथरुणातच कोरड्या भाकरीचा तुकडा, लाह्या किंवा चार फुटाणे खावेत, पंधरावीस मिनिटं पडून राहावं, मगच उठावं. दिवसभरात थोडं थोडं खावं, पाणी घोट घोट प्यावं. हा प्रयोग करण्यापूर्वी मात्र सासऱ्यांचा चहा, धारा, पोरांचे डबे आणि अंगणाचा सडा एवढ्यांची पर्यायी व्यवस्था करून ठेवावी. ती होत नसेल तर फुटाणे पदराला बांधून चुलीपुढं बसावं आणि फोडणी पडताना श्वास रोखून धरावा. सून सकाळी अंथरुणात फुटाणे खाते, हे वाक्य गावात फिरू लागलं तर उरलेल्या उपायांची गरजच पडत नाही.

सल्ले ऐकताना मान हलवावी. पपई खाऊ नको, तीळ खाऊ नको, दोघांचं जेव, कमी जेव, बाळ मोठं झालं तर अडेल. (पिकल्या पपईचं भय नाही, कच्चीतला चीक टाळलेला बरा.) "आमच्या वक्ताला आम्ही नवव्या महिन्यातबी खुरपत होतो," हे वाक्य ऐकताना डोळ्यांत आदर आणावा. आंबट खावंसं वाटतं की गोड, यावरून मुलगा की मुलगी ते पारावर ठरवलं जाईल. सोनोग्राफीवाल्यानं हे सांगणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. पारावरची म्हातारी निम्म्या वेळा बरोबर निघते आणि तेवढ्यावर तिचं दुकान चालतं.

माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खावासा वाटला तर त्याला डोहाळे म्हणून कौतुक करून घेऊ नये. अंगात रक्त कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं. हिमोग्लोबिन तपासावं, भिंतीही वाचतात.

नवऱ्याचं काय करावं? त्याला पाणी भरायला लावावं. लोक विचारतील, कारण सांगू नये.

आता या सगळ्या व्यवस्थेतली बारीकशी अडचण. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस होतात तोवर. तिला दृष्टीबिष्टीचं काही माहीत नसतं आणि चोरओटीसाठी ती थांबत नाही. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज हवी, खरं तर दिवस राहण्याच्या आधीपासून. शिवाय सरकार म्हणतं, बारा आठवड्यांच्या आत नोंद करा. घर म्हणतं, तीन महिने झाल्यावर तोंड उघडा. यातून वाट काढायला पहिलटकरणीजवळ एक साधन आहे: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये. त्यातला ३,०००चा पहिला हप्ता नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर मिळतो. हा आकडा सासूबाईंच्या कानावर हळूच घालावा. दृष्टीचा जोर बराच उतरतो.

गुप्ततेला अपवाद एवढेच: अंगावरून रक्त गेलं, पोटात जोराची कळ आली, पाण्याचा घोटही टिकेना, किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर गोठा, पदर, दृष्ट सगळं सोडून १०८ला फोन लावावा. असलं दुखणं अंगावर काढू नये.

एरवी पहिल्या तपासणीला साखऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं ते डोक्यावरून पदर ओढून, घरी सर्दीचं कारण सांगून. बाकावर आधीच कुणीतरी तसाच पदर ओढून बसलेलं असेल.

"जाऊबाई, तुम्ही इथं?"

"सर्दी झालीय गं. तू?"

"मलाबी सर्दीच."

तेवढ्यात आतून नर्सबाई खणखणीत आवाजात एकाच आडनावाच्या दोन बायकांना वजनासाठी बोलावते.